तोरणा बुक आहे

"खोली रिकामी दिसती, पण रिकामी न्हाई," असं म्हणून ताई डाव्या हाताचा पंजा वहीच्या पानावर आडवा ठेवायच्या. एकदा तो पंजा पडला की विषय संपला. समोर टीम लीडर असो, मॅनेजर असो की परदेशातून उडत आलेला कुणी, पंजाखालचं पान दिसायचं नाही. धिप्पाड जर्मन पाहुणा त्या पंजापुढे हरून लिफ्टशेजारी कचऱ्याच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने मीटिंग करताना मी या डोळ्यांनी पाहिला आहे. जाताना तो ताईंना थँक्यूसुद्धा म्हणाला.

तुम्ही कधी ऑफिसात नोकरी केली असेल तर मीटिंगच्या खोलीवरून सुशिक्षित माणसं कशी भांडतात ते तुम्हाला सांगायला नको. आमचं ऑफिस खराडीला, काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. माणसं तीनशे, खोल्या पाच. कुणा उत्साही माणसाने खोल्यांना किल्ल्यांची नावं दिलेली. त्यामुळे "सिंहगडाचा एसी बंद पडलाय", "राजगडावर कोण जेवून खरकटं टाकून गेलं", "पुरंदर दिला, पण दोनच तासांसाठी" अशी वाक्यं दिवसभर कानावर पडायची आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटायचं नाही.

खोल्या वाटायला आधी एक सॉफ्टवेअर होतं. ते आमच्याच कंपनीने बनवलेलं होतं, त्यामुळे ते चालत नसे. एकच खोली एकाच वेळी चौघांना द्यायचं. एकदा दोन टीम एकाच खोलीत तासभर आपापली मीटिंग करत बसल्या आणि बाहेर येताना एकमेकांची कामं अंगावर घेऊन आल्या. ती अजून पूर्ण झालेली नाहीत. मग कुठल्याशा एजन्सीतर्फे या बाई आल्या. रोज लोणी काळभोरहून यायच्या. पन्नाशीच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात जाड पुठ्ठ्याची लांब वही. तीन दिवसांत पाचही किल्ले ताब्यात आले.

आमच्या गळ्यातल्या कार्डांवर नाव, फोटो, रक्तगट असं सगळं होतं. त्यांच्या कार्डावर नुसतं 'व्हेंडर', म्हणजे बाहेरचा माणूस, आणि खाली एक आकडा. सगळे त्यांना ताई म्हणायचे. मोबाइल नंबर मागितला तर म्हणायच्या, "हितं टेबलावर हाय की दिसभर. फोन कशाला घालवताय?" माझी खुर्ची त्यांच्या टेबलापासून सहा फुटांवर. ऐकायचं नाही असं रोज ठरवूनही मला सगळं ऐकू यायचं.

तीनशे माणसांपैकी कोण कुठे बसतो हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. कोणाची खुर्ची कुरकुरते, कोण खिडकीसाठी कोणाशी बोलत नाही, हेही. बायकोशी फोनवर भांडायला जाणारा माणूस कोपऱ्यातला सिंहगड मागतो आणि दुसऱ्या कंपनीला मुलाखत देणारा रायगड, कारण तिथे रेंज चांगली, हे त्यांचं निरीक्षण. मुलाखतवाल्याला त्या खोली देताना हळूच म्हणायच्या, "वीस मिंटंच देते. लई लांबली तर त्यांना गरज न्हाई समजायचं."

तर, माणसं कमी करणार अशी कुणकुण लागली तेव्हाची ही गोष्ट.

तुमच्या ऑफिसात ही चाहूल कशी लागते ते मला माहीत नाही. आमच्याकडे आधी कुंड्या गेल्या. मग हात पुसायचे कागद गेले. चहाबरोबरची बिस्किटं दिवसेंदिवस इतकी पातळ झाली की कपाजवळ नेल्यावर नुसत्या वाफेनेच मोडायची. लिफ्टमध्ये एचआरचे देशमाने दिसले की लोक "विसरलो काहीतरी" म्हणत उतरून सात मजले जिन्याने चढायचे. महिनाभरात निम्म्या ऑफिसची पोटं आत गेली. इतकी तंदुरुस्त माणसं कामावरून काढायची म्हणजे तसं नुकसानच होतं.

मनोधैर्य वाढवण्यासाठी देशमान्यांनी हास्ययोगाचा वर्ग ठेवला. दीडशे माणसं हात वर करून हसली. ते हसणं ऐकून खालचा सुरक्षारक्षक काय झालं म्हणून धावत वर आला. ताई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "हसायला येवढा हॉल दिला. रडायला मात्र खोलीसाठी नंबर लावून बसल्यात मानसं."

आता तोरण्याविषयी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाकी चार खोल्या काचेच्या. आत कोण बसलंय, कोणाचा चेहरा पडलाय, बाहेर सगळं दिसायचं. एकट्या तोरण्याला पक्क्या भिंती. शिवाय दारं दोन. एक आमच्या बाजूला आणि दुसरं थेट लिफ्टपाशी उघडणारं. माणूस इकडून आत जायचा, आतच कार्ड आणि लॅपटॉप ठेवायचा आणि तिकडून बाहेर पडायचा. पुन्हा कुणाला दिसायचा नाही. दोन वर्षांपूर्वी पंधरा माणसं अशीच गेली होती. तेव्हापासून देशमान्यांनी तोरणा मागितला की मजला गार पडायचा.

अमोल आमच्या टीममधला. वर्ध्याकडचा. दोन महिने बेंचवर होता, म्हणजे पगार चालू, पण हाताला प्रकल्प नाही. बेंचवरची माणसं आधी जातात हे कुणी त्याला सांगायची गरज नव्हती. एका सोमवारी सकाळी त्याने फोनसाठी खोली मागितली. ताईंनी सिंहगड दिला. दहा मिनिटांनी तो बाहेर आला तो भिंतीला धरून.

"कोन आजारी हाय?" ताईंनी विचारलं.

"बाबा. बायपास करा म्हणते डॉक्टर. हडपसरला दाखल केलं."

"कंदी हाय आपरेशन?"

"पुढच्या आठवड्यात, गुरुवारी. तोवर साखर खाली आली पाहिजे म्हणते. सगळं कंपनीच्या विम्यावर आहे, ताई."

"आन् नोकरी कंदीपतुर हाय?"

अमोल थोडा हसला. "ते तर तुम्हालेच जास्त माहीत असन."

नोकरी गेली की विमा त्याच दिवशी बंद. हे ताईंनाही माहीत होतं. त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आज सोमवार. धा दिस काढायचे तर." हे त्या अमोलला म्हणाल्या की वहीला, मला सांगता येणार नाही.

दुपारी देशमाने आले.

"ताई, उद्या आणि परवा तोरणा लागेल. पूर्ण दिवस."

"कशापायी?"

"असंच. काम आहे."

"'असंच'चा रकाना न्हाई, सायेब. क्लायंट, ट्रेनिंग, मुलाखत, इतर. तुमीच आखून दिलाय."

"मग 'इतर' लिहा."

"लिवते. पन इतरचा नंबर शेवटी लागतो. ते बी तुमचंच पत्रक." पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद त्यांनी दाखवला. खाली देशमान्यांची सही होती, भलीमोठी, दोन रेघा मारलेली.

देशमान्यांची गोची कळली का तुम्हाला? खोली कशाला हवी ते सांगितलं तर खोली लगेच मिळाली असती. पण सांगायचं नाही असा वरून हुकूम. काचेच्या खोलीत हे काम होत नाही. बरं, वर तक्रार करावी तर 'एका बाईने खोली दिली नाही म्हणून काम अडलं' असं ईमेलमध्ये लिहावं लागणार. पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस असं लिहीत नाही.

मंगळवार-बुधवार तोरण्याचा गालिचा धुतला गेला. त्या गालिच्याला जन्मात पाणी माहीत नव्हतं. गुरुवारी सकाळी देशमाने पुन्हा आले तर दारावर कागद: 'वाळवीचे औषध मारले आहे, दोन दिवस प्रवेश बंद.'

"लोखंड आणि काचेची इमारत आहे, ताई. वाळवी खाते काय इथे?"

"ते मेल्यावर बगू की पोट फाडून."

शुक्रवारी मजल्यावर एक नवीनच गंमत सुरू झाली. लोक कामावर आले की आधी तोरण्याच्या दाराकडे बघायचे. दार बंद, कागद लावलेला, म्हणजे आजचा दिवस आपला. मग काय उत्साह. तीन वर्षं रखडलेला एक प्रकल्प त्या आठवड्यात पूर्ण झाला म्हणतात. वाळवीमुळे इतकं काम झालेलं ऑफिस पुण्यात दुसरं नसेल.

पुढच्या सोमवारी ताईंनी आपलं ब्रह्मास्त्र काढलं. वहीत दोन दिवसांसाठी एकच शब्द लिहिला, 'समिती'.

"कोणती समिती?" देशमान्यांनी विचारलं.

"बायकांच्या तक्रारींची."

"कशाबद्दल बसली आहे?"

"ते इचारायचं नसतंय, सायेब. तुमीच ट्रेनिंगला सांगितलं व्हतं."

देशमान्यांचा रंग उतरला. तासाभरात बातमी मजलाभर झाली आणि पुढचे दोन दिवस आमच्या पुरुषवर्गाने जे वर्तन ठेवलं ते पाहून ऋषिमुनी लाजले असते. सगळ्या मुलींना "डिअर" म्हणणारे एक मॅनेजर अचानक त्यांना आडनावापुढे 'बाई' लावून बोलवू लागले. मंगळवारी देशमान्यांनी मला पाण्याच्या यंत्रापाशी गाठलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "माझ्याबद्दल काही कानावर आलंय का?"

"अजून तरी नाही," मी म्हणालो.

आत ताई आणि टेस्टिंगच्या दोघी बसल्या होत्या. काय चाललं होतं ते मी पाहिलं नाही. पण दोन दिवस तोरण्याच्या दाराखालून ओल्या मटारच्या शेंगांचा वास येत होता.

बुधवारी मात्र हेड ऑफिसचे साहेब स्वतः आले. त्यांनी खोली मागितलीच नाही. सरळ तोरण्यात जाऊन बसले आणि देशमान्यांमार्फत ताईंना आत बोलावलं. कारण गंमत अशी की कोणाला काढायचं ते त्यांना माहीत होतं, पण ती माणसं बसतात कुठे ते फक्त ताईंना माहीत होतं. एकेकाला जागेवरून बोलावून आणायचं काम ताईंचं. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात एक्केचाळीस नावांची यादी होती.

माझ्या टेबलाशी थांबून त्यांनी यादीवर बोट ठेवलं. तिसरं नाव अमोलचं होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी.

त्या अमोलपाशी गेल्या. "लॅपटॉप उचला आन् चला."

"कुठं?"

"चला म्हनते न्हवं."

आमच्या मजल्यावर लहान बाळांच्या आयांसाठी एक हिरकणी कक्ष होता. त्या वर्षी मजल्यावर तान्हं बाळ कुणाला नव्हतं, त्यामुळे खोली बंदच असायची, आणि कुठलाही पुरुष तिचं दार ठोठावण्याची हिंमत करणार नव्हता. ताईंनी अमोलला आत बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, "आतून कडी लावा. मी दोनदा वाजवल्याबिगर उघडायची न्हाई."

मग त्या दिवसभर चालत होत्या. एकेकाच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "पानी पिऊन घ्या." बस, एवढंच. दुपारपर्यंत सगळ्यांना त्याचा अर्थ कळला होता. माझ्या मागून त्या सहा वेळा गेल्या. सहाही वेळा मी एकच ओळ खोडली आणि पुन्हा लिहिली. मला शेवटपर्यंत बोलावलं नाही. त्याचं कारण मी कधी विचारलं नाही आणि माझं काम तपासून पाहायला कुणाला सांगितलंही नाही.

तोरण्यातून मधूनमधून देशमान्यांचं डोकं बाहेर यायचं. "अमोल?"

"जाग्यावर न्हाई."

"अजून?"

"आत्ता व्हता. आता न्हाई."

दुपारी टेस्टिंगमधल्या एकीची पाळी आली. ती वहीवरच्या 'समिती'तली. पाणी पिऊन तिने ग्लास ठेवला आणि शांतपणे विचारलं, "अमोलला ठेवलंत, ताई. मला का नाही ठेवलं?"

"त्याचा बाप दाखल हाय, बाय. तुमच्या घरी कुनी..."

"माझ्या घरी काय आहे, ते तुम्हाला माहीत आहे?"

खुर्ची कोणाची कुरकुरते ते ठाऊक असलेल्या बाईला याचं उत्तर ठाऊक नव्हतं. ती मुलगी आत गेली. ताईंनी तिची खुर्ची टेबलाखाली सरकवली. मग यादीवर खूण केली आणि पुढच्या नावाकडे गेल्या.

साडेपाचपर्यंत अडतीस माणसं झाली. साहेबांचं विमान रात्रीचं. विमानतळ खराडीहून तसा जवळ, पण पुण्यात जवळच्या ठिकाणी पोचायला लांबच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ते घड्याळ बघत उठले. "राहिलेले तीन सोमवारी तुम्ही करून टाका," असं देशमान्यांना सांगून गेले. लिफ्टचं दार मिटल्यावर ताईंनी हिरकणी कक्षाचं दार दोनदा वाजवलं. अमोल बाहेर आला. दिवसभरात त्याने पाणी पूर्ण संपवलं होतं आणि लॅपटॉप उघडलासुद्धा नव्हता.

"जावा आता दवाखान्यात," ताई म्हणाल्या. "सोमवारचं सोमवारी बगू."

गुरुवारी ऑपरेशन झालं. सहा तास चाललं. शुक्रवारी अमोलचा फोन आला, बाबा शुद्धीवर आले. मी ते ताईंना सांगितलं. त्या वहीत रेघा आखत होत्या, पण पान कोरंच होतं. बुधवारनंतर खोली मागायची कुणाची छाती होती?

सोमवारी ताई आल्या नाहीत.

खरं सांगतो, पहिल्या दिवशी ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. आम्ही सगळे गेलेल्यांची यादी करण्यात गुंतलो होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप निघाला, अडतीस नावं मोजून मोजून घातली, कोणाची कुठे ओळख लावता येईल याची चर्चा झाली. ताई त्या यादीत नव्हत्याच. मंगळवारी, एक दिवस उशिराने, देशमाने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर "यातला अमोल कोण?" असं विचारत हिंडताना दिसले, तेव्हा कळलं की आज त्यांच्याबरोबर ताई नाहीत.

अमोल स्वतः उभा राहिला. तोरण्यात गेला आणि दहा मिनिटांनी, कार्ड आणि लॅपटॉप आत ठेवून, ज्या दाराने गेला होता त्याच दाराने सगळ्यांसमोर परत बाहेर आला. त्याला ताईंना सांगायचं होतं की बाबा उठून बसले, विम्याची मंजुरीही आली. टेबल मोकळं होतं.

"त्यांचं काय झालं?" मी देशमान्यांना विचारलं.

"कोणाचं?"

"ताईंचं."

"त्या आपल्या पे-रोलवर नव्हत्याच," देशमाने म्हणाले. "खोल्या पाचच, आणि माणसंही कमी झाली. एजन्सीला कळवलं होतं शुक्रवारी."

त्यांना ना तोरण्यात बोलावलं, ना पत्र दिलं. 'पाणी पिऊन घ्या' म्हणायला त्यांच्या खुर्चीमागे कुणी गेलं नाही. एजन्सीला मी फोन केला. तिकडच्या माणसाने विचारलं, "नाव काय त्यांचं?" मी कार्डावरचा आकडा आठवायचा प्रयत्न केला, तोही आठवेना. मग तो म्हणाला, तसंही माहिती देता येत नाही.

अमोलला अजून काम मिळालं नव्हतं. दीडेक महिन्याने त्याने मला फोन केला. बाबा गावी परत निघालेत, पण त्याआधी त्या बाईंना भेटायचंच म्हणून हटून बसलेत. मी गाडी काढली. बाबा मागे बसले. साठीचे, सडपातळ, पांढरी टोपी. मांडीवर घरच्या तूरडाळीची पिशवी. लोणी काळभोर म्हणजे वाटेत एखाद्या घरी हाक मारून विचारावं एवढं गाव नाही. सोलापूर रस्त्याला केवढंतरी पसरलेलं. दोन दुकानांत विचारलं. "खराडीला कामाला जाणाऱ्या बाई? आवो, निम्म्या गावच्या बाया तिकडंच जात्यात. नाव सांगा की." नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटी बाबाच म्हणाले, "कामाहून याच रस्त्यानं येतीन ना त्या? बसू इथं."

संध्याकाळ होती. हडपसरहून येणाऱ्या बसच्या थांब्यावर आम्ही तिघं बसलो. एक बस आली. बाबा उजव्या हाताने छाती दाबून धरत उठले आणि पिशवी घेऊन दाराशी गेले. पाच-सहा बायका उतरल्या.

"यायच्यातल्या कोण?"

"नाही, बाबा. यात नाहीत."

दुसरी बस आली. तिसरी आली. प्रत्येक वेळी ते तसेच उठायचे. चौथ्या बसला त्यांनी अमोलला विचारलंच नाही. पिशवी खांद्याला अडकवली आणि पन्नाशीची जी जी बाई उतरेल तिला दोन्ही हात जोडून नमस्कार करू लागले. बायका दचकायच्या, पदर सावरायच्या, परत नमस्कार करून पुढे जायच्या.

"बाबा, ह्या नाहीत त्या," अमोल म्हणाला.

"नसू दे," ते म्हणाले. "करून ठेवतो."